तीन ढीग, साडेपाच बिन

भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट कारखान्याच्या मालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता: दुसरी भट्टी घ्यावी का? कोटेशन त्यांच्या टेबलावर होतं, बँकेशी बोलणंही झालं होतं. एका पार्टीचा माल वारंवार उशिरा जात होता आणि ती पार्टी दुसरीकडे जायच्या बेतात होती. मी डिस्क्रीट-इव्हेंट सिम्युलेशनचं, म्हणजे कारखान्यातल्या घटना एकेक करून संगणकावर चालवून बघण्याचं काम करते. आधी मॉडेल करून बघू, मग सही करू, असं त्यांनी ठरवलं. कारखान्याचं नाव इथे देत नाही. आकडे गोल केले आहेत, म्हणजे ज्यांना पडताळायचे असतील त्यांना कागद-पेन्सिल पुरेल.

काम असं चालतं. गिअर, पिन, छोटे शाफ्ट असे मऊ पोलादाचे जॉब पार्टीकडून टेम्पोने येतात, लोखंडी बिनमध्ये भरलेले. एका बिनमध्ये साधारण ५० किलो माल. भट्टीत ९२० अंश सेल्सिअसच्या आसपास, कार्बन देणाऱ्या वायूत तो तापवतात. कार्बन पृष्ठभागातून आत मुरतो. मग माल तेलात विझवतात. वरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. कडक थर किती खोल हवा ते पार्टीच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, त्याला केस डेप्थ म्हणतात. भट्टीत एका वेळी १२ बिनचा माल बसतो. एकदम आत जाणाऱ्या या मालाला भट्टीवरची माणसं ‘चार्ज’ म्हणतात. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जिला बॅच म्हणतात ती हीच गोष्ट.

वेगवेगळ्या केस डेप्थचा माल एका चार्जमध्ये मिसळता येत नाही. कार्बन मुरण्याची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे खोली दुप्पट हवी असेल तर मुरण्याचा वेळ चौपट लागतो. एका चार्जला एकच घड्याळ असतं. तेव्हा मालाचे तीन गट होते. ०.५ मिलिमीटरचा उथळ माल: दिवसाला २४ बिन, भट्टीत ४ तास. ०.८ मिलिमीटरचा मधला: दिवसाला १२ बिन, ५ तास. आणि १.१ मिलिमीटरचा खोल माल: दिवसाला फक्त ३ बिन, पण एक चार्ज ८ तास भट्टी अडवतो. तक्रार करणारी पार्टी याच खोल मालाची.

तिन्ही गटांचे पूर्ण चार्ज लावले तर भट्टीचे दिवसाचे तास सहज निघतात. उथळचे दोन चार्ज म्हणजे ८ तास, मधल्याचा एक म्हणजे ५, खोलचा चार दिवसांतून एक म्हणजे दिवसाला सरासरी २. एकूण १५. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो, म्हणजे २४ पैकी ९ तास भट्टी रिकामी. मग उशीर कुठून येतो?

पहिलं मॉडेल मी अरेना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये केलं. प्रत्येक बिन ही एक एन्टिटी, म्हणजे मॉडेलमधून प्रवास करणारी वस्तू. तिच्यावर तीन गुणधर्म चिकटवले: गट, पार्टी आणि कारखान्यात आल्याची वेळ. मग बॅच मोड्युल: गटानुसार १२ जमवा, एक चार्ज करा, भट्टीच्या रांगेत लावा. पुढे धुणं, टेम्परिंग (विझवलेला माल पुन्हा हलका तापवणं), हार्डनेस तपासणी आणि डिस्पॅच मिळून ५ तास. रिपोर्ट आला. आल्यापासून जाईपर्यंतचा सरासरी वेळ ११.६ तास. गटवार पाहिलं तर उथळ ११, मधला १२, खोल १५. भट्टीसमोर चार्ज सरासरी दोन तासांच्या आसपास थांबतो.

हा कागद घेऊन मी शॉप फ्लोअरवर गेले. रात्रपाळी संपवून निघालेले सुपरवायझर काका भेटले. त्यांनी कागद नीट वाचला आणि खोल मालाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, ह्याला पंधरा तास कुठून आले? पहिला बिन सोमवारी सकाळी येतो, चार्ज लागतो गुरुवारी रात्री. पार्टीचा फोन मी घेतो.”

मी म्हटलं, “काका, चलन आणि चार्जचं रजिस्टर मिळेल का?”

दोन्ही मिळाली. चलनावर आवकची वेळ होती, रजिस्टरात चार्ज लावल्याची. दोन रकान्यांची वजाबाकी करायला दुपार गेली. काकांचं बरोबर होतं, माझं मॉडेल चुकलं होतं.

प्रतिनिधी कोणाचा चेहरा घेतो

चूक बॅच करण्याच्या क्षणात होती, आणि ती माझी निवड होती. १२ एन्टिटी एकत्र आल्या की सॉफ्टवेअर त्यांच्या जागी एक प्रतिनिधी एन्टिटी तयार करतं आणि पुढचा प्रवास ती करते. आता बारा जणांची आवक-वेळ बारा वेगवेगळी आहे. प्रतिनिधीला कोणती द्यायची? अरेनात याचा एक पर्याय भरायचा असतो: पहिल्याची, शेवटच्याची, सगळ्यांची बेरीज किंवा गुणाकार. काही बदल केला नाही तर ‘शेवटच्याची’ धरली जाते. मी बदल केला नव्हता. त्यातून बॅच कायमची ठेवली होती, म्हणजे बिन एकदा एकत्र झाले की मूळचे बिन मॉडेलमधून नाहीसे.

परिणाम असा की चार्जचं घड्याळ बारावा बिन आला तेव्हा सुरू झालं. त्या आधीचे अकरा बिन जमिनीवर किती वेळ पडून होते, याची कुठेच नोंद नाही. चार्ज जमायची वाट, जी या कारखान्याची सगळ्यात मोठी वाट होती, ती मोजणीतूनच गळली.

खोल मालाचंच उदाहरण घ्या. दर ८ तासांना एक बिन येतो. बारावा यायला पहिल्यानंतर ११ वेळा ८ तास जावे लागतात, म्हणजे ८८. त्याच चार्जचा जमण्याचा वेळ विचारला तर ‘शेवटच्याची’ वेळ धरून उत्तर येतं शून्य, ‘पहिल्याची’ धरून ८८ आणि प्रत्येक बिनचा स्वतंत्र वेळ मोजून सरासरी काढली तर ४४. भट्टी तीच, माल तोच, फक्त एका पर्यायाने उत्तर शून्यापासून पावणेचार दिवसांपर्यंत कुठेही जाऊ शकतं. बेरजेचा पर्याय निवडून तिला १२ ने भागलं तर सरासरी आवक-वेळ मिळते आणि त्यावरून ४४ बरोबर निघतो, पण बिना-बिनांतला फरक त्यात पुसला जातो. पार्टी फोन करते ती पहिल्या बिनसाठी, सरासरी बिनसाठी नाही.

खरा उपाय म्हणजे तात्पुरती बॅच. यात मूळ एन्टिटी प्रतिनिधीच्या पोटात जपलेल्या राहतात आणि पुढे सेपरेट मोड्युलने परत बाहेर काढता येतात. बाहेर काढताना पुन्हा एक पर्याय भरावा लागतो: बिनने स्वतःचे मूळ गुणधर्म ठेवायचे की प्रतिनिधीचे घ्यायचे. इथे दोन्ही लागतात. आवक-वेळ आणि पार्टी बिनची स्वतःची हवी, पण चार्ज नंबर प्रतिनिधीकडून यायला हवा, कारण पुढे एखाद्या बिनची हार्डनेस कमी भरली तर तो कोणत्या चार्जमधला हे सापडलं पाहिजे. भट्टीवर हे सगळं एका रूट कार्डावर होतं. बिनला लटकवलेलं कार्ड चार्ज लावताना काढून खिळ्याला अडकवतात, त्यावर चार्ज नंबर लिहितात आणि माल बाहेर आला की परत त्याच बिनला लावतात. कायमची बॅच करणं म्हणजे ती बारा कार्डं भट्टीत टाकण्यासारखं आहे. हे काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला ते पटणार नाही, आणि मी मात्र मॉडेलमध्ये ते केलं होतं.

हा भेद नवीन नाही. जेफ्री गॉर्डन यांनी १९६१ मध्ये आयबीएममध्ये बनवलेल्या जीपीएसएस या सिम्युलेशन भाषेत असेंबल आणि गॅदर हे दोन ब्लॉक वेगळे आहेत. पहिला अनेकांचा एक करून टाकतो. दुसरा सगळ्यांना जमेपर्यंत थांबवतो आणि मग प्रत्येकाला आपापला सोडतो. अरेनाच्या पोटातल्या सिमॅन भाषेत कंबाइन आणि ग्रुप असे दोन शब्द आहेत. पॅकेज कोणतंही असो, माल एकत्र करताना पहिला प्रश्न तोच: हे पुन्हा सुटे होणार आहेत का? बाटलीला झाकण लागलं की ते दोन परत वेगळे होत नाहीत, तिथे कायमची बॅच योग्य. भट्टीतून बाहेर आलेले बिन तीन पार्ट्यांच्या तीन टेम्पोत जातात.

सेपरेट घातल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. टेम्परिंगच्या भट्टीत दोन चार्ज एकदम बसतात, म्हणून मी तिथे चार्जांची बॅच केली होती, बॅचची बॅच. सेपरेट एका वेळी एकच थर उलगडतं. पहिल्या सेपरेटने बिन नव्हे, चार्ज सुटे झाले आणि त्यांची नोंद बिन म्हणून झाली. दुसरं सेपरेट लागलं. शिवाय दोन चार्ज जमेपर्यंत टेम्परिंग थांबतं हेही खरं नव्हतं. विझवलेला माल टेम्परिंगविना जास्त वेळ ठेवला तर तडकण्याची भीती असते, म्हणून काका एक चार्ज असला तरी लावतात. ती बॅच मी काढूनच टाकली.

रिपोर्टमधली ती ओळ

दुरुस्त मॉडेलने सांगितलं: उथळ १६.५ तास, मधला २३, खोल ५९. सगळे बिन धरून सरासरी २१.८, म्हणजे आधी सांगितलेल्याच्या जवळपास दुप्पट. रजिस्टराशी ताळा बसला.

पण त्याच रिपोर्टमध्ये चार्ज जमण्याच्या तीन रांगांची सरासरी लांबी होती: ५.५, ५.५ आणि ५.५. मला वाटलं, एकाच रांगेचा आकडा तिन्हीकडे छापला गेला. गट वेगळे, आवक २४, १२ आणि ३, मग रांगा सारख्या कशा? नावं तपासली, जोडण्या तपासल्या. चूक सापडेना. शेवटी मी खाली गेले आणि भट्टीसमोर उभी राहिले. पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या तीन चौकोनांत बिन रचलेले होते. तीन दिवस, वाटेल त्या वेळी जाऊन मी ते मोजले. कधी ३-९-६, कधी ८-२-५, कधी १०-४-७. कोणता ढीग कोणत्या गटाचा हे कार्ड वाचल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मॉडेल बरोबर होतं.

कारण साधं आहे. ढीग शून्यापासून सुरू होतो, १, २, ३ असा वाढत ११ वर जातो, बारावा आला की सगळा उचलला जातो. प्रत्येक पायरीवर तो सरासरी सारखाच वेळ असतो. ० ते ११ ची सरासरी साडेपाच. माल भराभर आला तर ढीग पायऱ्या भराभर चढतो, सावकाश आला तर सावकाश, पण पायऱ्या त्याच. आवक किती यावर ढिगाची सरासरी उंची अवलंबूनच नाही.

आणि इथेच सगळी मेख आहे. ढीग तीनही सारखे दिसतात, पण एकात बिन सरासरी साडेपाच तास असतो, दुसऱ्यात ११ आणि तिसऱ्यात ४४. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तेच सांगतो: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे आवकीचा दर गुणिले सरासरी थांबणं. संख्या तीच ठेवून दर आठ पट कमी केला की थांबणं आठ पट वाढतंच. फ्लोअरवरून फिरणाऱ्या माणसाला ढीग दिसतो, थांबणं दिसत नाही. मालक रोज सकाळी फेरी मारत. त्यांना तीन सारखे ढीग दिसत आणि वाटे, सगळ्या पार्ट्यांना सारखीच वागणूक मिळतेय.

टेम्पो एका वेळी तीन-तीन बिन आणत असेल तर आकडा थोडा हलतो. खोल माल दिवसाला एकदा तीन बिन असा आला तर ढीग ०, ३, ६, ९ अशा पायऱ्या चढतो, सरासरी ४.५, आणि थांबणं ४४ ऐवजी ३६ तास. मुद्दा बदलत नाही.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे होतं आणि ते मॉडेल न चालवताही कागदावर दिसत होतं. दुसरी भट्टी आणली तर भट्टीसमोरचे दोन तास कमी होतील. ४४ तास जसेच्या तसे राहतील. बारावा बिन आल्याशिवाय चार्ज लागत नाही, आणि तो पार्टीच्या मशीन शॉपमधून येतो. दोन भट्ट्या असोत की दहा, त्यांच्यासमोर बसून तोच बारावा बिन येण्याची वाट पाहायची.

किती वेळ थांबायचं

मग पूर्ण चार्जचा हट्ट सोडायचा. पण किती सोडायचा? मालक म्हणाले, “भट्टी नऊ तास रिकामीच असते ना? मग असेल तेवढा माल टाका.” हे ऐकायला बरोबर वाटतं. नऊ तासांची मोकळीक कशी संपते ते बघा.

नियम असा धरू: गटाचा पहिला बिन आल्यापासून ठरावीक तास झाले की जितके जमले तितक्यांचा चार्ज लावायचा. खोल मालाला मुदत २४ तासांची दिली, तर पहिला बिन आणि त्यानंतर येणारे सरासरी ३, मिळून ४ बिनचा चार्ज होतो. सरासरी ३२ तासांनी एक, म्हणजे दिवसाला पाऊण चार्ज, गुणिले ८ तास म्हणजे ६. आधी २ होते. भट्टीचा दिवस १५ वरून १९ तासांचा झाला. बिनचं जमण्यातलं सरासरी थांबणं ४४ वरून १५ तासांवर आलं. उत्तम.

मुदत १२ तास केली तर अडीच बिनचा चार्ज, दिवसाला १.२ चार्ज, ९.६ तास. एकूण २२.६. भट्टी ९४ टक्के व्यापली. आता उथळ आणि मधल्याचे भरलेले चार्ज भट्टीसमोर अडकायला लागतात, कारण दोन-तीन बिन पोटात घेऊन ती आठ-आठ तास बंद असते. मुदत ८ तास केली तर दोन बिनचा चार्ज, दिवसाला दीड, १२ तास. एकूण २५. दिवस २४ तासांचा आहे. मॉडेलमध्ये रांग वाढतच गेली, थांबली नाही. ‘असेल तेवढा टाका’ या नियमाने, भट्टी मोकळी असताना केलेल्या घाईने, भट्टी कायमची अपुरी झाली असती आणि मग दुसऱ्या भट्टीची खरंच गरज लागली असती.

मुदतीऐवजी किमान संख्या हाही एक मार्ग आहे. रांगांच्या गणितात तो जुना आहे. नॉर्मन बेली यांनी १९५४ मध्ये घाऊक सेवेच्या रांगांवर लिहिलं, आणि मार्सेल न्यूट्स यांनी १९६७ मध्ये ‘किमान इतके, कमाल इतके’ असा नियम मांडला. खोल मालाला किमान ४ ठरवले तर? भट्टीचे तास तेच ६ होतात, आणि जमण्यातलं सरासरी थांबणं १२ तास, मुदतीच्या १५ पेक्षाही कमी. सरासरीच बघायची तर हा नियम सरस. तरी मी मुदतच सुचवली. किमान ४ च्या नियमात चौथा बिन कधी येईल याची हमी कोणी देत नाही. पार्टीच्या कारखान्याला सुट्टी लागली, एखादं मशीन बिघडलं, की तीन बिन पडून राहतात आणि मॉडेलच्या रांगेतही तसेच राहतात. मुदतीच्या नियमात मालकांना फोनवर एक वाक्य बोलता येतं: तुमचा कोणताही बिन इतक्या तासांत भट्टीला लागायला निघेल. पार्टीला तेच वाक्य हवं होतं.

अडकलेल्या बिनांवरून आठवलं: ३० दिवसांच्या रनमध्ये पूर्ण चार्जच्या नियमाने खोल मालाचे ९० बिन येतात, ७ चार्ज जातात आणि ६ बिन रांगेत उरतात. जे बाहेर पडले नाहीत त्यांचा वेळ सरासरीत येत नाही. गट जितका संथ, तितका ही गळती त्याच्या सरासरीला जास्त सुंदर दाखवते. म्हणून मी रन वर्षभराचा केला आणि शेवटी रांगेत उरलेले बिन वेगळे छापले.

मुदतीचा नियम मॉडेलमध्ये बसवताना एक दिवस गेला, आणि जो कोणी हे करेल त्याचा जायला नको म्हणून सांगते. अरेनाच्या बॅच मोड्युलला मुदत कळत नाही, त्याला संख्या कळते. फ्लेक्ससिम या दुसऱ्या पॅकेजच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, बॅचिंगबरोबर कमाल थांबण्याचा वेळ भरता येतो. पायथनमध्ये सिम्पाय ही सिम्युलेशनची लायब्ररी वापरत असाल तर ‘ढीग भरला’ आणि ‘वेळ संपली’ या दोन घटनांपैकी जी आधी होईल तिची वाट बघता येते. अरेनात मी बिनना होल्डमध्ये थांबवलं आणि पहिला बिन आला की त्याची एक नक्कल करून तिला घड्याळ म्हणून डिलेमध्ये पाठवलं. घड्याळ परत आलं की ढीग सोडायचा.

यात खाच आहे. घड्याळ परत यायच्या आत ढीग १२ झाला तर चार्ज निघून जातो, पण घड्याळ चालूच असतं. ते परत येतं तेव्हा समोर दुसराच, नुकता सुरू झालेला ढीग असतो, आणि ते त्यालाच सोडून देतं. माझ्या रनमध्ये उथळ मालाचे दोन-दोन, तीन-तीन बिनचे चार्ज निघायला लागले तेव्हा हे लक्षात आलं. उपाय: प्रत्येक ढिगाला सुरू होतानाच नंबर द्यायचा, घड्याळाच्या अंगावर तोच नंबर लिहायचा, आणि परत आल्यावर समोरच्या ढिगाचा नंबर जुळला तरच सोडायचं, नाहीतर घड्याळाने गुपचूप निघून जायचं.

मालकांचा हिशेब

२४ तासांची मुदत मला पसंत होती. मालकांना नव्हती, आणि त्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. काम किलोवर घेतात. चार बिनच्या चार्जला भट्टी तापवायला, वायूला, माणसाला जवळजवळ बारा बिनएवढाच खर्च येतो. २४ तासांच्या मुदतीत महिन्याला १५ चार्ज जास्त लागतात. ३६ तासांत ९. ४८ तासांत ५. ४८ तासांच्या मुदतीत खोल मालाचा चार्ज सरासरी ७ बिनचा, जमण्यातलं थांबणं साडेसत्तावीस तासांच्या आत, भट्टीचा दिवस १६.४ तासांचा. आणि सगळ्यात अडकलेला बिनही तिसऱ्या दिवशी बाहेर.

त्यांनी पार्टीला विचारलं, तीन दिवसांत माल मिळाला तर चालेल का. पार्टीने सांगितलं की त्यांना तीन की दोन याने फरक पडत नाही, कधी दीड दिवसात येतो आणि कधी पाचव्या दिवशी, याने त्यांची असेंब्ली लाइन अडते. ४८ तास ठरले.

मी आणखी एक सुचवलं होतं: खोल माल रोज थोडा आणण्याऐवजी आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी दहा-अकरा बिन एकदम आणावा. मग जमण्याची वाट भट्टीसमोर उरतच नाही. हे मी पूर्ण खात्रीने सुचवलं नव्हतं, कारण वाट त्यात संपत नाही, ती पार्टीच्या आवारात सरकते. पार्टीने नकार दिला. त्यांच्याकडे ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या भट्टीचं कोटेशन फाइलला लागलं. उथळ आणि मधल्या मालाला मुदत लावायची गरज पडली नाही, ते आपणहून भरतात. काकांनी खोल मालाच्या चौकोनाजवळ खांबाला एक छोटा फळा लावला. ढिगातला पहिला बिन उतरला की त्याची तारीख आणि वेळ खडूने लिहायची, चार्ज लागला की पुसायची. मॉडेलमधलं घड्याळ आणि त्याचा नंबर मिळून जे करतात ते तो फळा करतो, आणि जुनं घड्याळ चुकून नव्या ढिगाला लागायचा प्रश्नच येत नाही.

पुढच्या महिन्याच्या रजिस्टरात खोल मालाचे चार्ज सहा, आठ, सात, पाच, सात असे लिहिलेले होते. दिवाळीच्या आठवड्यात एक तीनचा.

त्यानंतर काही दिवसांनी मालकांचा फोन आला. ०.३ मिलिमीटरच्या केस डेप्थची एक नवी पार्टी विचारणा करत होती. माल थोडाच, आठवड्याला पंधरा-वीस बिन. भट्टीला तास आहेत हे त्यांना माहीत होतं.

“मॅडम, जागा किती धरू?”

“पूर्ण चार्ज लावणार असाल तर सरासरी साडेपाच बिनची. पण ढीग अकरापर्यंत जाणार, तेव्हा आखायची अकराची.”

“आणि फळा लावला तर?”

मुदत किती तासांची, असं मी विचारलं. ते म्हणाले, पार्टीशी बोलून सांगतो.